मनगटावरचा पहारेकरी

आमच्या परिचयातील एका घरची गोष्ट. आखातात नोकरीला असलेल्या मुलाने सुट्टीवर येताना आईसाठी मनगटी घड्याळ आणले. ते नाडीचे ठोके, चाललेली पावले आणि झोपेचे तास मोजते व ते आकडे मुलाच्या मोबाइलवर उमटतात. आईने ते कौतुकाने मनगटावर बांधले. मात्र पूर्वी रोज रात्री रोझरी आटोपल्यावर येणारा मुलाचा फोन आता आठवड्याने येऊ लागला. “तुझं सगळं मला इथे दिसतंच ना गं, आई,” असे तो म्हणतो. दिसणे म्हणजे विचारपूस करणे होय काय, हा प्रश्न तेव्हापासून आम्हांस छळीत आहे.

नाडी मोजण्याची माणसाची धडपड जुनीच आहे. इंग्लंडमधील वैद्य सर जॉन फ्लॉयर यांनी १७०७ साली नाडी मोजण्यासाठी एक मिनिट चालणाऱ्या घड्याळाचा पुरस्कार केला. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील नॉर्मन होल्टर यांनी चालत्या-फिरत्या माणसाच्या हृदयाची नोंद घेणारे यंत्र बनविले. ते पाठीवर वाहावे लागे आणि त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते. आजचे घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकते आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेसरशी परतणाऱ्या प्रकाशात होणाऱ्या फरकावरून ठोके मोजते.

या साधनांचा उपयोग नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. अमेरिकेत सुमारे ४ लाख १९ हजार लोकांवर झालेला अशा घड्याळाचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी २,१६१ जणांना नाडी अनियमित असल्याची सूचना मिळाली. पुढे छातीवर पट्टी लावून ज्यांची नोंद तपासता आली, त्या ४५० जणांपैकी ३४ टक्के लोकांत हृदयाच्या लयीचा एक विशिष्ट बिघाड आढळला. या बिघाडामुळे पक्षाघाताचा धोका वाढतो. वेळीच मिळालेली अशी सूचना एखाद्याचे प्राण वाचवू शकते.

परंतु आकड्याला सेवक म्हणून घरात घ्यावे आणि त्याने धनी होऊन बसावे, असेही घडते. रोज दहा हजार पावले चालण्याचा दंडक १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. तो वैद्यकीय संशोधनातून निघालेला नव्हता. झोपेचे आकडे सुधारण्याच्या चिंतेनेच झोप उडालेल्या रुग्णांविषयी अमेरिकन संशोधकांनी २०१७ साली लिहिले. निजण्यापूर्वी सद्सद्विवेकबुद्धीची तपासणी करण्याची आपली परिपाठी आहे. तिची जागा आता पावलांच्या हिशेबाने घ्यावी काय? आरोग्य ही देवाची देणगी आहे, तिची योग्य निगा राखावी, पण शरीराचे दैवत करू नये, असे १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. आपण देहाचे मालक नसून कारभारी आहोत, हे त्यामागचे तत्त्व आहे.

त्या मुलाला दोष देणे सोपे आहे. पण पाळीची ड्युटी संपवून खोलीवर परतल्यावर आईची नाडी ठीक असल्याचे पाहून त्याला झोप लागत असेल, तर तेही प्रेमच आहे. चूक इतकीच, की काळजी हलकी करण्यासाठी घेतलेल्या साधनाने त्याची भेटही हलकी केली. शिवाय, आपले झोपणे-उठणे दुसऱ्याने पाहावे काय, हे आईला कुणी विचारलेच नाही. म्हातारपण आले म्हणून माणसाचा आडोसा काढून घेता येत नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. घड्याळ जरूर द्यावे, पण आधी विचारून द्यावे. त्याने इशारा दिला, तर डॉक्टरांना दाखवावे. आणि आकडे चांगले दिसत असतील, त्या रात्रीही फोन करावा. आईचा ठोका मिनिटाला ७२ आहे, हे घड्याळ सांगेल. त्या दिवशी तिला घरातले कुणाचे नाव आठवत राहिले, हे मात्र तिलाच विचारावे लागेल.