ठराव रिओचा, ठराव जतचा

२०१२ च्या जूनमध्ये रिओ दि जानेरोत शाश्वत विकासावरची जागतिक परिषद भरली. पहिल्या वसुंधरा परिषदेला वीस वर्षं झाली होती म्हणून तिचं नाव रिओ प्लस ट्वेंटी. ‘आपल्याला हवं असलेलं भविष्य’ अशा मथळ्याचा लांबलचक ठराव तिथं संमत झाला. त्याच वर्षीच्या दुष्काळात सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याच्या पूर्वभागातल्या काही गावांनीही ठराव केले: पाणी देता येत नसेल तर आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या.

दोन्ही ठराव कागदावरचेच. तरी मला जतचा ठराव अधिक गंभीर वाटतो, कारण त्यात करणाऱ्याने स्वतःचं काहीतरी पणाला लावलं होतं. रिओत संमती देणाऱ्या कुठल्या देशाला शब्द मोडला म्हणून काय गमवावं लागणार होतं?

नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतच्या या जुन्या ठरावांची आठवण काढली आणि मुंबईत एकच धावपळ उडाली. कृष्णेचं पाणी जतला आणणाऱ्या विस्तारित म्हैसाळ योजनेला, सुमारे दोन हजार कोटींच्या कामाला, एकाएकी गती आली. त्याच महिन्यात इजिप्तमधल्या हवामान परिषदेत हानी-भरपाई निधीवर रात्री जागून एकमत झालं होतं. जतला त्याची खबरही नसावी, आणि असायचं कारणही नव्हतं.

दुष्काळासाठी जागतिक करार नाही असं नाही. वाळवंटीकरणाविरुद्धचा करार रिओच्या १९९२ च्या परिषदेतूनच पुढे आला, १९९४ मध्ये झाला. पण हवामानाच्या करारापुढे तो कायम सावत्र. डिसेंबर २०२४ मध्ये रियाधला त्याची बैठक झाली, तेव्हा दुष्काळाबाबत बंधनकारक चौकट हवी, हा आफ्रिकी देशांचा आग्रह पुढच्या बैठकीवर ढकलला गेला.

इथं १९७२ आठवतं. जूनमध्ये स्टॉकहोमच्या पर्यावरण परिषदेत इंदिरा गांधी गरिबी आणि पर्यावरण यांच्या नात्यावर बोलल्या. महाराष्ट्र तेव्हा दुष्काळात होरपळत होता, आणि सांगली जिल्ह्यातल्याच वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना आकार घेत होती. पुढे तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, ही सरकारवरची सक्ती होती. स्टॉकहोमच्या जाहीरनाम्यात तशी सक्ती शोधून सापडत नाही.

जतचं दुखणं निव्वळ पावसाचं नाही. टँकर कोरड्या आडात रिकामा करायचा, मग पोहऱ्यानं शेंदून बॅरल भरायचं, आणि बांधापलीकडे बोअरच्या पाण्यावर डाळिंब किंवा द्राक्षबाग उभी, हे दृश्य दुष्काळी पट्ट्यात नवं नाही. बागायतदाराला मी दोष देत नाही. बाग जगली तरच कर्ज फिटतं. पण पुढच्या पिढीच्या वाट्याला हात न लावता आपली गरज भागवणं, ही शाश्वत विकासाची १९८७ ची ब्रुंटलँड व्याख्या या बोअरला लावून बघा.

आता कृष्णेचं पाणी मिरज तालुक्यातल्या म्हैसाळहून उपसून चढावर आणायचं. विजेचं बिल थकलं की पंप बंद, म्हणून सौरऊर्जेचा बेत आहे, त्यासाठी जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचं कर्ज. परिषदांमधला हवामान निधी गावाच्या शिवारात पोचतो तेव्हा त्याचं रूप हे असं असतं, कर्जाचं.

आणि पाणी आलं तर कुणाला? पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीनं सत्तरच्या दशकात नियम घातला होता: पाणी जमिनीवर नाही, माणशी, ऊस नाही, आणि भूमिहीनालाही वाटा. जतच्या माडग्याळ भागात मेंढरांमागे फिरणाऱ्या, गुंठाभर जमीन नसलेल्या घराला म्हैसाळच्या पाण्यात असा वाटा मिळावा, असा ठराव कुठल्या ग्रामसभेनं केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.