हॅपी की धन्य?



रविवारच्या मिस्सानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुलांना प्रभूचे डोंगरावरील प्रवचन शिकवत होतो. राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे आणि आपल्या मुलांना त्या भाषेची मोठी हौस. म्हणून आम्ही कपाटातले जुने इंग्रजी बायबल काढले आणि धन्यवचने त्यातून वाचून दाखवली. मराठीत जिथे 'धन्य' हा शब्द येतो, तिथे त्या पुस्तकात 'हॅपी' छापलेले होते.

मागे बसलेल्या एका मुलीने हात वर केला. "फादर, हे चुकलंय. रडणारा माणूस हॅपी कसा? आमच्या शाळेत हसऱ्या चेहऱ्याखाली हॅपी लिहायचं आणि रडक्याखाली सॅड. उलटं लिहिलं तर बाई काट मारतात."

एखादे मूल असे बोलले की वर्ग हसतो. त्या दिवशी कोणी हसले नाही. या पावसाळ्यात तिचा धाकटा भाऊ मलेरियाने गेला, हे सगळ्यांना ठाऊक होते. आम्हालाही लगेच उत्तर सुचले नाही. त्यानंतर जे चिंतन झाले, ते आज तुमच्यापुढे ठेवत आहोत.

सर्वप्रथम सांगायचे ते हे, की त्या मुलीला जे खटकले ते मोठमोठ्या पंडितांनाही खटकलेले आहे. १९६६ साली निघालेल्या इंग्रजी जेरुसलेम बायबलमध्ये या ठिकाणी 'हॅपी' होते. १९८५ साली त्याची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा तो शब्द काढून पुन्हा 'ब्लेसेड' घालण्यात आला.

'हॅपी' हा शब्द वाईट नाही. हॅपी बर्थडे, हॅपी ख्रिसमस, हॅपी ईस्टर, असे आपण सगळेच म्हणतो. पण हा शब्द कुठेही चालत नाही. दरवर्षी काही जणांच्या मोबाईलवरून 'हॅपी गुड फ्रायडे' असा निरोप येतो. पाठवणाऱ्याचे मन चांगले असते, पण शब्द चुकतो. गुड फ्रायडेतल्या 'गुड'चा जुना अर्थ पवित्र असा आहे. प्रभूच्या मरणाच्या दिवशी आपण उपास करतो, क्रूसाची वाट चालतो. त्या दिवशी कोणी कोणाला हॅपी म्हणत नाही.

या शब्दाचे मूळही पाहण्यासारखे आहे. जुन्या इंग्रजीत 'हॅप' म्हणजे योगायोग, नशीब. त्यावरूनच घडणे या अर्थाचा 'हॅपन' आणि अपघात या अर्थाचा 'मिसहॅप' आला. हॅपी म्हणजे आधी नशीबवान. खूश हा अर्थ नंतरचा. पण नशिबाने आलेले सुख नशिबानेच जाते. यंदा मोहफुले चांगली पडली, घर हसले. पुढच्या वर्षी अवकाळी पाऊस आला, हसू गेले. प्रभू येशू बोलत होता ते अशा सुखाविषयी नव्हते.

'ब्लेस' या शब्दाचे मूळ मात्र रक्ताशी जोडलेले आहे, असे भाषेचे बहुतेक जाणकार मानतात. रक्त लावून जे देवासाठी वेगळे केले, ते ब्लेसेड. आणि आपला 'धन्य' हा शब्द आला आहे 'धन' यावरून. धन्य म्हणजे ज्याच्यापाशी धन आहे तो! आता पुन्हा प्रभूचे बोलणे मनात आणा. ज्यांच्यापाशी काहीच नाही, त्यांना तो धनवान म्हणतो, कारण देव स्वतः त्यांच्या बाजूला येऊन उभा राहिला आहे. पवित्र मरियेलाही आपण धन्य म्हणतो. क्रूसाखाली उभी असताना ती हॅपी होती का? नाही. ती धन्य होती का? होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

बंधुभगिनींनो, इथे आपण एक चूक करतो. मयताच्या घरी जाऊन सांगतो, "रडू नका, देवाची इच्छा." गरिबाला सांगतो, "गरीबच धन्य, बायबलातच लिहिलंय." प्रभू असे कधी वागला नाही. लाजरच्या कबरेपाशी तो स्वतः रडला. शोक करणाऱ्यांना धन्य म्हणताना त्याने त्यांचे सांत्वन होईल असे वचनही दिले. हे वचन तो बहुतेक वेळा माणसांच्याच हातून पुरे करतो. पावसाळ्यात नाल्याला पूर येतो तेव्हा आजाऱ्याला खाटेवर घालून चार जण खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणतात. त्या चार खांद्यांवर प्रभूचे वचन चालत असते. त्याच प्रवचनात न्यायाची भूक लागलेल्यांनाही त्याने धन्य म्हटले. म्हणून फळीवर तेंदूच्या पुड्यांचा हिशेब चोख मागणे, तापाच्या पोराचे रक्त वेळेवर तपासून घेणे, हेही धन्यवचनांतच बसते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली पवित्रतेविषयी पत्र लिहिले, त्यात हीच धन्यवचने समजावून सांगितली. इथे धन्य म्हणजे पवित्र, असे त्यांनी म्हटले. पवित्र माणूस सदा हसत नसतो. तो देवाला आणि शेजाऱ्याला सोडत नाही.

तर त्या मुलीला आमचे उत्तर असे. बेटा, बाईंची काट बरोबर आहे. रडणारा माणूस हॅपी नसतो. तुझी आई रडते तेव्हा तिला हसायला लावायचे नाही. तिच्याजवळ बसायचे. येशू तिला धन्य म्हणतो, कारण तिला एकटे सोडायचे नाही असे त्याने ठरवले आहे. हे तिला खरे वाटावे, ही जबाबदारी आम्हा सगळ्यांची.

या आठवड्यासाठी दोन छोट्या गोष्टी. आपल्या वस्तीत या वर्षी ज्या घरी मयत झाली, त्या घरी प्रत्येक कुटुंबाने एकदा जावे. उपदेश करू नये; पाणी भरून द्यावे, सरपण आणून द्यावे, बसावे. आणि मुलांनो, 'धन्य' याला माडियात काय म्हणतात, ते घरच्या आजी-आजोबांना विचारून या. पुढच्या रविवारी तो शब्द आपण फळ्यावर हॅपीच्या शेजारी लिहू.

हे प्रभू येशू, आमच्या हसण्यात तू आहेसच. आमच्या रडण्यातही तू आहेस, हे आम्हाला कळू दे. आमेन.