निवडीआधी गळालेले पर्याय

दहावीतल्या ज्या मुलाचे पुढचे काही ठरलेले नसते, त्याच्याकडे घरात आणि शाळेतही काहीशा दोषी नजरेने पाहिले जाते. ‘अजून काही ठरलं नाही?’ हा प्रश्न विचारपूस म्हणून सुरू होतो आणि निकाल जवळ येईल तसा आरोप बनत जातो. वास्तविक त्या वयात न ठरणे ही सामान्य गोष्ट आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड सुपर यांनी १९५० च्या दशकात व्यवसायविकासाची जी मांडणी केली, तिच्यात साधारण १५ ते २४ ही वर्षे शोधाची मानली आहेत. आपली प्रवेशप्रक्रिया या शोधाच्या पहिल्याच वर्षी शाखा विचारते. दोष वेळापत्रकाचा असतो, बोलणी मुलाला बसतात.

शिवाय ‘ठरलेले नाही’ या एका उत्तरामागे निरनिराळ्या अवस्था असतात. एखाद्याला कामांची माहितीच नसते. एखाद्याला दोन गोष्टी सारख्याच आवडतात. एखादी मुलगी परीक्षेच्या आणि अपयशाच्या धास्तीने कोणताच निर्णय घेऊ धजत नाही. आणि काहींचे मनात पक्के ठरलेले असते, पण घरी ते बोलायची सोय नसते. ‘अजून ठरवलं नाही’ हे त्यांचे सभ्य उत्तर असते. या चौघांना एकच सल्ला देणे म्हणजे ताप, खोकला, मोडलेला हात आणि भूक यांवर एकच गोळी देणे. म्हणून मदत करणाऱ्याचे पहिले काम सल्ला देण्याचे नसून समोरचे मूल यांपैकी कोणत्या अवस्थेत आहे ते ओळखण्याचे आहे.

मुंबईच्या पूर्व उपनगरातील मानखुर्दमध्ये हा प्रश्न अधिक उघडा दिसतो. नुसता नकाशा पाहिला तर इथल्या मुलांना करिअरची उदाहरणे शोधायला लांब जावे लागू नये. ट्रॉम्बेला १९५४ मध्ये सुरू झालेली आणि १९६७ पासून भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणून ओळखली जाणारी संस्था आहे. आशियातली पहिली अणुभट्टी ‘अप्सरा’ तिथेच ऑगस्ट १९५६ मध्ये कार्यान्वित झाली. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आणि आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. चेंबूर-माहुलकडे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना आणि तेलशुद्धीकरण प्रकल्प आहेत. मांडाळ्याला मेट्रो २ ब मार्गिकेची कारशेड आहे. खुद्द मानखुर्दमध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. आंतरराष्ट्रीय विज्ञान ऑलिंपियाडला जाणाऱ्या भारतीय संघांची तयारी इथे होते.

मात्र मानखुर्द ज्यात येते त्याच एम-पूर्व वॉर्डात १९२७ पासूनचे देवनारचे डम्पिंग ग्राउंड आहे, आणि महापालिकेच्या २००९ च्या मानवी विकास अहवालात हा वॉर्ड शहरात सर्वांत तळाला होता. इथली बरीच वस्ती स्वतःहून आलेली नाही, तर आणून वसवलेली आहे. १९७६ मध्ये जनता कॉलनी हलवून चीता कॅम्प वसवला गेला. पुढे रेल्वे प्रकल्पांसाठी रुळांकडेच्या झोपड्या हटल्या आणि ती कुटुंबे लल्लूभाई कंपाउंडच्या इमारतींत आली. स्थलांतरात घर मिळते, पण कामाच्या ओळखी तुटतात. ‘आमच्या साहेबांना सांगतो’ म्हणणारा शेजारी मागे राहतो. पंधरा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने करिअरची माहिती म्हणजे बहुतेक वेळा अशाच ओळखी असतात. त्यामुळे अणुसंशोधन केंद्र बसच्या अंतरावर असूनही तिथे शास्त्रज्ञांखेरीज आणखी कोण काम करते, हे त्याच्या कानावर आलेले नसते. तिथल्या स्टायपेंडरी ट्रेनीच्या (विद्यावेतनावरील प्रशिक्षणार्थीच्या) दुसऱ्या श्रेणीसाठी दहावीनंतर आयटीआय केलेले किंवा बारावी विज्ञान झालेले उमेदवार अर्ज करू शकतात, पदवी लागत नाही, ही बाब वस्तीत फार थोड्यांना ठाऊक असते.

असे का होते, याची चांगली उकल अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात मिळते. त्यांच्या म्हणण्यानुसार मूल व्यवसाय निवडते त्याच्या कितीतरी आधी व्यवसाय वगळत असते. लहानपणी ‘हे बाईचे काम, हे पुरुषाचे’ म्हणून काही पर्याय गळतात. पुढे ‘हे आपल्यासारख्यांचे नाही’ म्हणून काही जातात. आवडीनिवडीचा विचार त्यानंतर सुरू होतो. शेवटी उरलेल्यांतून जे हाताला लागेल असे वाटते त्यावर तडजोड होते. या गाळणीतून एकदा खाली पडलेला पर्याय मूल सहसा पुन्हा उचलून पाहत नाही, कारण तो आपण कधी नाकारला याची त्याला आठवणच नसते. मानखुर्दच्या मुलाचा गोंधळ अनेक पर्यायांमुळे झालेला नसतो. दहावीपर्यंत त्याच्यापुढे तीन-चारच नावे उरलेली असतात: कॉमर्स, पोलीस भरती, कुठेतरी ‘कॉम्प्युटर’, मुलगी असेल तर नर्सिंग किंवा ब्यूटी पार्लर. त्यांतले एकही मनापासून नको असेल, तर ते मूल ‘अनिश्चित’ ठरते.

कॉमर्सचे आकर्षण त्या विषयापेक्षा त्याच्या वेळेत आहे. सकाळी कॉलेज, दुपारी काम, क्लासचा खर्च कमी, प्रॅक्टिकल नाही. हे गणित चुकीचे नाही. घरात दुसरी मिळकत हवी असेल तर ते शहाणपणाचेही आहे. मात्र ते वेळेचे गणित आहे हे मुलाने ओळखले पाहिजे. नाहीतर पाच वर्षांनी बी.कॉम. हातात घेऊन तो ‘मला यातलं काही आवडतच नव्हतं’ म्हणतो आणि स्वतःलाच नालायक ठरवतो.

वगळण्याचे सर्वांत मोठे कारण मात्र एका वाक्यात येते: ‘गणित-विज्ञान झेपणार नाही.’ हे वाक्य मुलाच्या क्षमतेविषयी आहे असे सगळेच धरून चालतात. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या जुन्या कामाने या समजुतीला धक्का दिला आहे. १९७४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हे केंद्र सुरू केले तेव्हा ते मानखुर्दला नव्हते. त्याची सुरुवात नाना चौकातल्या महापालिका शाळेत झाली. केंद्राचे वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालिका शाळांतच प्रयोग केले. एका प्रयोगात विज्ञानाचे धडे सोप्या भाषेत लिहून शिकवले. आशय तोच, भाषा बदललेली. मुलांची समज सुधारली. म्हणजे अडसर विज्ञानाचा होता त्याहून पुस्तकी मराठीचा अधिक होता. दुसऱ्या प्रकल्पात पालिका शाळांतली अनुसूचित जातींतली मुले निवडून त्यांना शाळेव्यतिरिक्त सलग काही वर्षे पूरक शिक्षण दिले गेले, आणि त्यांचे शालान्त परीक्षेतले यश लक्षणीय वाढले. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी १९८५ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. करिअर मार्गदर्शनाच्या पुस्तकांत या अहवालाचा उल्लेख क्वचितच येतो, आणि तसे असणे दुर्दैवाचे आहे. कारण त्याचा अर्थ थेट आहे: आठवीत गणितात ३५ ते ४० गुण मिळवणाऱ्या मुलाला ‘तुझा कल तांत्रिक नाही’ असे सांगण्याआधी त्याला गणित नीट शिकवले गेले होते का, हे पाहावे लागते.

व्यवसाय मार्गदर्शन या विद्येची सुरुवातही गरीब स्थलांतरितांच्या वस्तीतच झाली होती. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बोस्टनमध्ये व्होकेशन ब्यूरो काढला तो शहरात नव्याने आलेल्या कुटुंबांच्या तरुणांसाठी. स्वतःला ओळखणे, कामाचे स्वरूप जाणणे आणि दोहोंचा विचारपूर्वक मेळ घालणे ही त्यांची त्रिसूत्री. १९०९ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, ती पुस्तकरूपाने आली. मुंबईत १९४१ मध्ये बाटलीबॉय ब्यूरो, १९४७ मध्ये पारशी पंचायतीचा ब्यूरो आणि १९५० मध्ये मुंबई सरकारचा व्यवसाय मार्गदर्शन ब्यूरो सुरू झाला. म्हणजे या शहराला हा विषय नवा नाही. पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या ज्ञानप्रबोधिनीने बुद्धिमापन आणि अभिक्षमता चाचण्यांचे मोठे काम उभे केले. २०१६ मध्ये राज्यात दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांची कल चाचणी सुरू झाली. कृषी, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, आरोग्य, मानव्यविद्या, गणवेशधारी सेवा अशी तिची क्षेत्रे होती. काही वर्षांनी ती थांबली. २०२० मध्ये युनिसेफच्या मदतीने राज्याचे महाकरिअर पोर्टल आले.

कल चाचणीला नावे ठेवण्याची फॅशन आहे. ती पूर्णपणे योग्य नाही. घरात कधीच बोलला न गेलेला विषय तिच्यामुळे निदान जेवताना निघाला. पण तिची मर्यादा मूलभूत होती. आवडीची प्रश्नावली मुलाला माहीत असलेल्या गोष्टींची आवड मोजते. ज्याने इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक किंवा रासायनिक प्रकल्पाचा अटेंडंट ऑपरेटर कधी पाहिला नाही, त्याचा ‘कल’ त्या बाजूला दिसणार कसा? माहिती अपुरी असताना घेतलेली चाचणी वस्तीचीच मर्यादा मोजते आणि ती मुलाच्या नावावर लिहून देते. म्हणून क्रम उलटा हवा: आधी पाहणे, मग करून पाहणे, आणि चाचणी घ्यायचीच असेल तर शेवटी.

पाहणे म्हणजे करिअर मेळाव्यातली भाषणे नव्हेत. यशस्वी माणसाचे व्यासपीठावरचे भाषण मुलाला भारावून टाकते, पण त्याला त्या माणसाची सोमवारची सकाळ कळत नाही. त्यापेक्षा त्याच शाळेतून पाच-सहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेली, आज वाशीत लॅब टेक्निशियन असलेली किंवा शिकाऊ उमेदवारी करणारी ताई-दादा अधिक उपयोगी पडतात. त्यांना पगार, पाळी, प्रवास, साहेबाची वागणूक आणि पहिल्या वर्षीची नामुष्की यांबद्दल विचारता येते. ‘तुला काय व्हायचंय?’ या प्रश्नाऐवजी ‘तू कोणकोणती कामं जवळून पाहिली आहेस?’ हा प्रश्न अधिक बोलका ठरतो. उत्तरात दहाहून कमी कामे निघाली तर निवडीची चर्चा थांबवून आधी ती यादी वाढवावी.

तरीही जूनमध्ये काहीतरी घ्यावेच लागते. अशा वेळी पर्यायांची तुलना आवडीवर न करता परतीच्या वाटेवर करावी. बारावी विज्ञानाहून कला-वाणिज्याकडे वळता येते, उलट जाणे फार अवघड. गणित सोडले की अनेक वाटा एकदम मिटतात, म्हणून मन ठरलेले नसेल तर ते शक्यतो शेवटी सोडावे. आयटीआयविषयीचा गैरसमज इथेच दूर करायला हवा. दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड केलेल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आणि पदविका झालेल्याला अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. म्हणजे दहावीनंतर दोन, दोन आणि तीन अशी सात वर्षे. बारावीमार्गे तीच पदवी सहा वर्षांत होते. फरक एका वर्षाचा, आणि या वाटेवर प्रत्येक टप्प्याला हातात काम देणारे प्रमाणपत्र असते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, विद्यावेतन देऊन. कुर्ला आणि मुलुंडच्या शासकीय आयटीआय मानखुर्दहून रोज येण्याजाण्याच्या टप्प्यात आहेत. ‘नापास झाला तर आयटीआय’ हे वाक्य शिक्षकांनीच आधी सोडले पाहिजे.

मुलींच्या बाबतीत अंतर आणि परतायची वेळ हे अभ्यासक्रमाइतकेच निर्णायक ठरते. पालकांची भीती खोटी नाही. हार्बरच्या गर्दीच्या लोकलचा आणि रात्रीच्या रस्त्याचा अनुभव त्यामागे आहे. तिथे उपदेश निरुपयोगी. त्याच कॉलेजात जाणाऱ्या दोघी-तिघींची जोडी जमवून देणे हेही मार्गदर्शनच आहे. फीची अडचण मात्र काही प्रमाणात कमी झाली आहे: जुलै २०२४ च्या शासननिर्णयानुसार वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास व इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ आहे.

आणि मग कागद. मार्गदर्शनाच्या पुस्तकांत हा भाग नसतो, पण मानखुर्दमध्ये प्रवेश इथेच हुकतात. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ या तारखेपूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि दाखला कुटुंब तेव्हा जिथे राहत होते तिथून काढावा लागतो. जालना किंवा सोलापूर सोडून मुंबईत आलेल्या आजोबांच्या नातवाला शाळेच्या जुन्या रजिस्टरातला उतारा किंवा कोतवाल बुकाची नक्कल शोधायला गावी जावे लागते. त्यानंतर व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी जातवैधता, शिवाय उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर. घर पाडून दुसरीकडे वसवलेल्या कुटुंबाकडे जुने कागद असतीलच असे नाही. निकालानंतर हे सुरू केले तर प्रवेशफेऱ्या संपतात, आणि मूल जे मिळेल ते घेते. मग तीच त्याची ‘निवड’ समजली जाते.

शाळांनी यासाठी नवा तास काढण्याची गरज नाही. आठवीच्या वर्गात प्रत्येक मुलाची कागदांची यादी करावी, नववीत महिन्यातून एकदा एखादे काम प्रत्यक्ष दाखवावे, आणि ज्या विषयात मूल मागे आहे तो विषय दहावीच्या आधी पुन्हा शिकवावा. दाखल्यासाठी गावी जायचे तर मे महिन्याची सुट्टी सोयीची; ती नववीत जाण्यापूर्वीची असावी.