रबर काढून दाखवा

पालक हो, मोबाइल आत ठेवा आणि हा डबा बघा. कोणाचा ते सांगणार नाही, ज्यांचा आहे त्यांनी ओळखलाय. झाकणाच्या खाचेतलं रबर काल मधल्या सुट्टीत मी हेअरपिनने उचकटलं. खाली काळी बुरशी, आणि तिच्यात चिकटलेलं मटकीचं साल. रोज घासतो म्हणता, खोटं नाही ते. डबा घासता. रबर कोणी काढतच नाही! हे पोर आठवडाभर पोटात दुखतंय म्हणत होतं, आणि आपण सगळे त्याला अभ्यास टाळतो म्हणून रागावत होतो. मीसुद्धा.

हा दुसरा. श्रीखंडाचा रिकामा डबा, आणि त्यात कढईतून थेट ओतलेली बटाट्याची भाजी. बाजूने वाकलाय, तळ हळदीने पिवळा झालाय, घासणीचे ओरखडे उठलेत. थंड श्रीखंडासाठी केलेली वस्तू ती, उकळत्या तेलासाठी नव्हे. अन्न जितकं गरम आणि तेलकट, तितकी प्लास्टिकमधली रसायनं त्यात जास्त उतरतात. डबा घेताना उलटा करून तळाचा त्रिकोण तुमच्यापैकी किती जणांनी वाचला? हात वर करा. दोन. बावन्न पालकांत दोन! त्रिकोणात 5 असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, त्यातल्या त्यात बरं. 1 म्हणजे पाण्याच्या बाटलीचं, एकदा वापरून टाकायचं. 3 आणि 6 स्वयंपाकघरात नकोतच. 7 मध्ये पॉलिकार्बोनेटही येतं. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या बाटलीसाठी ते आपल्याकडे 2015 पासून बंद आहे. बाळ दहा वर्षांचं झालं म्हणून त्याचं पोट लोखंडाचं झालं का?

अल्युमिनियमच्या फॉइलमध्ये लिंबू पिळलेले पोहे देणाऱ्यांनो, आंबटाने ते अल्युमिनियम अन्नात उतरतं. चिंच, कोकम, ताक, टोमॅटो, सगळ्यांचं तेच. कोरडी पोळी गुंडाळायची तर स्वच्छ सुती फडकं घ्या. आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला पराठा यापुढे माझ्या वर्गात दिसता कामा नये. शाई घामेजल्या पराठ्याला लागते. अन्न वर्तमानपत्रात बांधायला 2018 च्या पॅकेजिंग नियमांनीच मनाई केलीय.

स्टीलचा डबा जड होतो म्हणता. दप्तरात नको ती तीन गाइडं भरता, तेव्हा वजन आठवत नाही? महाग पडतो म्हणता. ज्यांना खरंच परवडत नाही त्यांनी मला एकटं भेटा, आपण सोय करू; त्यात लाज कसली. पण बाकीच्यांनी हे कारण मला सांगू नका. घरोघरी माळ्यावर आजीचा कडीचा डबा पडलाय, तो उतरवा. नवा घ्यायचा तर 304 प्रतीचं स्टील मागा आणि दुकानात उभं राहून झाकणाचं रबर बोटाने निघतंय का ते बघा. निघत नसेल तर डबा परत ठेवा, झाकणावर कितीही गोड कार्टून असलं तरी. भात कोंबून लगेच झाकण लावू नका, आधी वाफ जाऊ द्या. कोंदटलेल्या कोमट भातात जंतू झपाट्याने वाढतात, आणि मुलं सातला निघून साडेदहाला जेवतात.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी प्रत्येक डब्याचं रबर काढून बघणार आहे. हेअरपिन माझ्याकडे आहे.