सर्वांना एकच प्रश्नपत्रिका: न्याय की अन्याय?

शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला की आपल्याकडे जुना वाद पुन्हा उफाळतो. कोणी म्हणतो, परीक्षेच्या धाकाविना मूल पुस्तक उघडत नाही. दुसरा विचारतो, कोवळ्या जिवामागे हा ससेमिरा कशाला? माझ्या मते हा प्रश्न मुळात न्यायाचा आहे, मापाचा आहे. आणि मापाचा विषय श्रद्धावंतासाठी किरकोळ नसतो. मापात लबाडी करणाऱ्यांविषयी दिव्य कुरआनात ‘अल्-मुतफ्फिफीन’ हा अध्यायच आहे.

प्रथम या परीक्षेचे श्रेय तिला देऊ. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची ही परीक्षा दोन प्रश्नपत्रिकांची, एकूण ३०० गुणांची. पुण्याच्या मुलासमोर येणारा प्रश्नच उमापूरच्या मुलासमोर येतो. उत्तरपत्रिका यंत्र तपासते. त्या यंत्राला आडनाव कळत नाही. बाप हमाल आहे की हाजी, हेही कळत नाही. ज्यांची मुले नाव सांगताच जोखली जातात, त्यांनी ही अनामिकता क्षुल्लक मानू नये. आठवीच्या एनएमएमएस परीक्षेतून निवडल्या गेलेल्या गरीब घरच्या मुलास वर्षाला १२,००० रुपये मिळतात. एखाद्या मुलीचे शिक्षण तेवढ्यावर टिकते.

परंतु तराजू पारड्यात ठेवलेलेच तोलतो. आपल्या गेवराई तालुक्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात आणि परततात तेव्हा ऊन तापू लागलेले असते. शिष्यवृत्ती परीक्षा होते साधारणतः फेब्रुवारीत, ऐन गाळपात. आईबापांसोबत गेलेले मूल तेव्हा फडात वाढे गोळा करीत असते किंवा धाकट्या भावंडाला सांभाळीत असते. त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ एवढेच लिहिले जाते, आणि कागदावर कोणावरही अन्याय झालेला नसतो.

शिष्यवृत्ती हुकली तर फार तर संधी गेली. वार्षिक परीक्षेचे तसे नाही. शिक्षण हक्क कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी व आठवीत पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेल्या मुलास त्याच वर्गात ठेवता येते. पाच महिने शाळेबाहेर राहिलेल्या मुलीला आठवीत मागे ठेवले, तर तिचे पुढे काय होते? बीड जिल्ह्यातील वाचकाला हे सांगण्याची गरज नाही. तिच्या हाती कोयता येतो किंवा हाताला मेंदी लागते.

मग एकसमान माप टाकून द्यावे काय? सीरतच्या ग्रंथांत उहुदचा एक प्रसंग आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी लहान वयाच्या मुलांना परत पाठविले. राफेअ बिन खदीज (र.) उत्तम तिरंदाज असल्याचे कळताच मात्र त्यांना अनुमती मिळाली. तेव्हा समुरा बिन जुन्दुब (र.) म्हणाले की कुस्तीत आपण राफेअला चीत करतो. कुस्ती लावण्यात आली, समुरा जिंकले, त्यांनाही सोबत घेतले गेले. नियम मोडीत निघाला नाही. पण मुलाचे म्हणणे ऐकले गेले आणि त्याला आपले बळ दुसऱ्या रीतीने दाखविता आले. अब्दुल्लाह बिन उमर (र.) त्याच वेळी चौदाव्या वर्षी परत पाठविले गेले आणि पंधराव्या वर्षी खंदकच्या वेळी स्वीकारले गेले. आधीचा नकार त्यांना आयुष्यभर चिकटला नाही.

हिफ्जच्या वर्गातही हेच दिसते. ग्रंथ सर्वांना एकच, जेर-जबरचीही सवलत नाही. पण सबक प्रत्येकाचा निराळा: कोणाच्या पाच ओळी, कोणाचे पान. सबक कच्चा राहिला तर उस्ताद तोच पुन्हा ऐकतात. पूर्ण झाल्यावर दोन वर्षे लागली की चार, हे कोणी विचारीत नाही. (मारकुटे उस्तादही असतात, ते झाकण्याचे कारण नाही.) माप तेच ठेवून मुदत मुलागणिक बदलता येते, हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले, त्यांनी शाळेकडे तेच मागावयास संकोचू नये.

आणि घरात? ३०० पैकी १२० गुण म्हणजे मूल १२० किमतीचे, असा हिशेब बाप चारचौघांत मांडतो, तेव्हा मापात लबाडी परीक्षा परिषद करीत नसते.

यंदा दिवाळीपूर्वी आपल्या वस्तीतून कोणती मुले टोळीबरोबर जाणार, त्यांची नावे लिहून काढा. त्यात आपले घर नसेल, तर शेजाऱ्याचे असेल. शेजाऱ्याचा हक्क धर्म विचारून ठरत नाही. जी आजी-आजोबांजवळ राहू शकतील, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीकडे लेखी द्या. जी जातील, ती परतल्यावर पुनर्परीक्षेपर्यंत रोज मगरिबनंतर त्यांचा अभ्यास घ्यावयास कोण बसणार, हेही त्याच कागदावर लिहा.