मत म्हणजे साक्ष



आजचा शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये ६:१-७ आणि १ तीमथ्य ५:१९-२५. आधी बायबल उघडून दोन्ही भाग वाचा, मग पुढे या. पाच मिनिटंही लागणार नाहीत.

येत्या रविवारी उपासनेनंतर आमच्या मंडळीत पास्टरेट कमिटीची निवडणूक आहे. फॅमिली ग्रुपवर 'आपला माणूस' असे मेसेज फिरायला लागलेत. म्हणून आज एक गोष्ट कबूल करतो.

तीन वर्षांपूर्वी मी एका अर्जावर अनुमोदक म्हणून सही केली. खजिनदारपदासाठी उभे असलेले काका म्हणजे बाबांचे जुने मित्र. माझ्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनच्या वेळी ते दिवसभर माझ्याबरोबर रांगेत उभे होते. उपासना सुटल्यावर त्यांनी पेन पुढे केलं आणि मी पायरीवरच कागद गुडघ्यावर ठेवून सही केली. दहा सेकंदांचं काम. त्यांच्याबद्दल मला एक गोष्ट माहीत होती. तरुण संघाच्या शिबिराचा हिशेब त्यांच्याकडे होता आणि आठ महिने मागूनही तो मिळाला नव्हता. सही करताना हे आठवलं. पण म्हटलं, आता कुठे ते काढायचं!

काकांनी पैसे खाल्ले नाहीत, हे आधीच सांगतो. पण सहाय्य निधीतली रक्कम त्यांनी कंपाउंडच्या भिंतीच्या कामाला वळवली. 'नंतर भरू' असा विचार केला आणि कोणालाच सांगितलं नाही. त्याच वेळी मंडळीतल्या एका विधवा आजींना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मदत मंजूर झाली होती. चेक निघायला पाच महिने लागले. तोवर आजी दर रविवारी गीतपुस्तक हातात धरून बसायच्या. गीतं पाठ होती, म्हणून निभावलं.

मी भेटायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "बाळा, मी त्यांना कुठे ओळखत होते? बोर्डावरची यादी नातवानं वाचून दाखवली. त्यात तुझं नाव होतं. म्हटलं, शिकलेला मुलगा आहे, बघूनच सही केली असेल."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्रियांनो, कृत्ये ६ मधला प्रश्नही विधवांचाच आहे. यरुशलेमची मंडळी वाढत होती, आणि रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या यहूदी विश्वासणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. कुरकुर प्रेषितांच्या कानावर आली. त्यांनी ती दाबली नाही आणि आपल्या मर्जीतली चार माणसं नेमून विषय मिटवलाही नाही. त्यांनी सगळ्या शिष्यांना बोलावलं आणि सांगितलं की सात जण तुम्ही निवडा. लोकांमध्ये चांगलं नाव असलेले, पवित्र आत्म्याने भरलेले आणि शहाणपण असलेले. निवड मंडळीने केली. मग प्रेषितांनी प्रार्थना करून त्या सात जणांवर हात ठेवले.

यात दोन गोष्टी मला नव्याने दिसल्या.

पहिली : निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. स्तेफन, फिलिप्प, प्रखर... शेवटचा निकलाव तर अंत्युखियाचा, जन्माने यहूदीसुद्धा नव्हता. यावरून अनेक अभ्यासक म्हणतात, की ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, त्यांच्याच लोकांच्या हाती वाटपाचं काम दिलं गेलं. 'आपला माणूस' हा हिशेब तिथे चालला असता, तर यादी वेगळीच निघाली असती.

दुसरी : 'चांगलं नाव' यासाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, तो 'साक्ष' या शब्दापासून आलेला आहे. म्हणजे ज्यांच्याविषयी लोक साक्ष देतात, अशी माणसं. हे वाचलं आणि आजींचं वाक्य पुन्हा कानात वाजलं. मी ज्याला 'फॉर्म भरणं' समजत होतो, ती साक्ष होती. या माणसाला मी ओळखतो, याच्या हाती गरिबांचा पैसा सुरक्षित राहील, असं मी लिहून दिलं होतं. ते खरं नाही असं वाटत असूनही दिलं होतं. दहा आज्ञांमध्ये शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष द्यायला मनाई आहे. मला वाटायचं, मी तर काकांच्या बाजूने बोललो, कोणाविरुद्ध कुठे? पण ती साक्ष आजींच्या विरुद्ध गेली होती.

तीमथ्याला लिहिताना पौल हेच फार स्पष्ट सांगतो. कोणावर हात ठेवायची, म्हणजे त्याला सेवेसाठी नेमायची, घाई करू नको, नाहीतर त्याच्या पापात तूही भागीदार होशील. त्याच्या आधीच्याच वचनात तो पक्षपात करू नको म्हणतो. आणि पुढे कारणही देतो : काहींची पापं आधीच दिसतात, काहींची मागाहून उघड होतात. म्हणून वेळ घ्यायचा. सेवकांची आधी पारख व्हावी, असं तिसऱ्या अध्यायात आहेच.

आपल्यापैकी जे सॉफ्टवेअरमध्ये आहेत, त्यांना हे लगेच कळेल. कोड रिव्ह्यूला आला, शुक्रवारची संध्याकाळ, मित्राचा कोड, आपण न वाचताच अप्रूव्ह केलं. सोमवारी सिस्टम बंद पडते, तेव्हा लिहिणाऱ्याबरोबर अप्रूव्ह करणाऱ्याचंही नाव तिथे असतं. ऑफिसमध्ये हे आपल्याला मान्य असतं. मंडळीत मात्र आपण म्हणतो, "मी काय, फक्त एक मत दिलं!"

काही जण म्हणतात, देवाच्या मनात असेल तोच निवडून येईल. यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली, हे खरं. पण चिठ्ठ्या टाकण्याआधी पेत्राने अट सांगितली होती : बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या दिवसांपासून प्रभू वर घेतला जाईपर्यंत जो सतत बरोबर होता, असा माणूस हवा. त्या अटीतून दोनच नावं पुढे आली, आणि मग प्रार्थना झाली. माहिती घेण्याचं काम त्यांनी देवावर ढकललं नाही.

आता दुसरी बाजू. याच पाचव्या अध्यायात पौल म्हणतो, दोन-तीन साक्षीदार असल्याशिवाय वडिलाविरुद्ध आरोप ऐकून घेऊ नको. म्हणजे एखाद्या उमेदवाराबद्दल आलेला ऐकीव मेसेज फॉरवर्ड करणं हीसुद्धा खोटी साक्षच. जे स्वतः पाहिलं, ते त्या माणसासमोर बोलता येत असेल तरच बोलायचं.

गेल्या आठवड्यात काका पुन्हा अर्ज घेऊन घरी आले. मी चहा ठेवला आणि सांगितलं, "काका, तुमचे उपकार मी विसरलेलो नाही. पण या वेळी मी सही करणार नाही." कारण विचारलं, तेव्हा शिबिराचा हिशेब आणि आजींचा चेक, दोन्ही सांगितलं. मागच्या वेळी मी गप्प बसलो ही माझी चूक होती, हेही सांगितलं. त्यांनी चहा संपवला आणि "बरं" म्हणून निघून गेले. बाबा दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. रविवारी चर्चमध्ये काय होईल, ठाऊक नाही. काकांबद्दल प्रेम कमी झालेलं नाही. उलट, तीन वर्षांपूर्वीच हे बोललो असतो, तर त्यांच्यावरही ही वेळ आली नसती असं वाटतं.

तुमच्या मंडळीतही निवडणूक जवळ असेल, तर आज रात्री प्रार्थनेला बसताना उमेदवारांची नावं समोर ठेवा आणि स्वतःला विचारा :

याला मी खरंच ओळखतो, की फक्त नात्यातला, गावचा, ओळखीचा आहे म्हणून?

मंडळीबाहेरचे लोक, म्हणजे ऑफिसातले, सोसायटीतले, याच्याबद्दल काय म्हणतात? (१ तीमथ्य ३:७ मध्ये ही अट आहे.)

ज्यांना मंडळीत आवाज नाही, त्यांच्याशी हा कसा वागतो?

यातलं काहीच माहीत नसेल, तर अजून चार दिवस आहेत. जाऊन भेटा, विचारा.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू माणसाचं मन पाहतोस, आम्ही तोंड पाहतो. भिडेपोटी, नात्यापोटी, आळसापोटी दिलेल्या आमच्या साक्षींची आम्हाला क्षमा कर. खरं बोलायचं धैर्य दे, आणि बोलताना प्रीती दे. तुझ्या मंडळीतल्या विधवा, गरीब आणि एकटे यांना सांभाळतील, अशी माणसं उभी कर. ती निवडताना आमचे हात स्वच्छ ठेव. आमेन.