पंचास जें दिसलें नाहीं

क्रिकेटचे सामने आतां खेड्यापाड्यांत आवडीनें पाहिले जातात. पुष्कळ मुलें मोबाइलच्या पडद्यावरहि तोच खेळ खेळतात. त्यांत वेळ किती जातो हा प्रश्न आम्ही येथें घेत नाहीं. खेळांतून त्याहून खोल असा एक प्रश्न निघतो: जें सत्य न्याय देणाऱ्यास दिसलें नाहीं, तें आपल्या पक्षाची हानि करूनहि सांगावें काय?

सन १९८० च्या फेब्रुवारींत मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारत व इंग्लंड यांचा कसोटी सामना झाला. इंग्लंडचे पांच गडी ५८ धावांत बाद झाले होते. मग इयान बॉथम यांच्या जोडीस बॉब टेलर हे आले. कांहीं वेळानें टेलर यांचा झेल यष्टिरक्षकानें घेतला असें समजून पंचांनीं त्यांस बाद ठरविलें. परंतु चेंडू फळीस लागलाच नाहीं, अशी भारताचे कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ यांची खात्री होती. त्यांनीं पंचांस विनंति करून टेलर यांस परत बोलाविलें. त्या जोडीनें १७१ धावा जोडल्या, आणि भारत दहा गड्यांनीं हरला.

सन २००३ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यांत ऑस्ट्रेलियाचे अॅडम गिलख्रिस्ट यांस पंचांनीं बाद दिलें नाहीं. तरी ते आपण होऊन मैदानाबाहेर गेले. तो सामना ऑस्ट्रेलियानें जिंकला. एकास हार आली, दुसऱ्यास जीत. म्हणून अशा कृत्याचें मोल निकालावरून ठरवितां येत नाहीं, हें उघड आहे.

कोणी म्हणेल, "पंचाचा शब्द अखेरचा. आज चूक आपल्या लाभाची, उद्यां तोट्याची. हिशेब सरतेशेवटीं जुळतो." डोळ्यांच्या चुकीचा हिशेब असा जुळेल; पण जाणूनबुजून केलेल्या मागणीस चूक म्हणतां येत नाहीं. विरुद्ध पक्षानें मागणी केल्यावांचून पंच कोणास बाद देत नाहीं. आणि पंचाच्या संमतीनें ती मागणी परत घेण्याची मुभा नियमांनींच कर्णधारास दिली आहे. अर्थात् आपलें नव्हे असें ठाऊक असून जो मागतो, तो खोटें बोलतो. निकालाची वाट पाहत उभा राहणाऱ्या फलंदाजास आम्ही त्याच पंक्तींत बसवीत नाहीं. नियम त्याजकडून अधिक मागत नाहींत. गिलख्रिस्ट यांनीं तें अधिक आपल्या खुषीनें दिलें.

दुसरी हरकत अधिक भारी आहे. कर्णधार हा आपल्या दहा सोबत्यांचा विश्वस्त. त्यांचा लाभ परस्पर देऊन टाकण्याचा त्यास काय अधिकार? वाचकहो, एकत्र कुटुंबाचा कारभार पाहणाऱ्या वडील भावाचें उदाहरण घ्या. मोजणीदारानें चुकून शेजाऱ्याच्या चार काकऱ्या यांच्या बांधाच्या आंत धरल्या. वडील भावानें ती चूक सांगितली, तर धाकट्या भावांचें त्यानें काय बुडविलें? जी जमीन त्यांची कधीं नव्हतीच, ती त्यांच्या वांट्यांतून कशी जाईल? विश्वस्तानें राखावयाचें तें आपल्या माणसांचें, शेजाऱ्याचें नव्हे.

आतां पंचाच्या साह्यास यंत्रें आलीं आहेत. सन २००८ मध्यें श्रीलंकेंतील भारताविरुद्धच्या कसोटी सामन्यांत पंचाचा निकाल चित्रांवरून तपासण्याची रीत प्रथम अजमाविण्यांत आली. पडद्यावरच्या खेळांत तर यंत्रच पंच असतें. तरी तेथेंहि आपला नेम चुकूं नये म्हणून कित्येकजण गुप्तपणें दुसरी यंत्रयुक्ति जोडतात. पहारा वाढला म्हणजे पकडले जाण्याचें भय वाढतें. प्रामाणिकपणा वाढतोच असें नाहीं.

गांवच्या मैदानांत ना कॅमेरा असतो, ना पगारी पंच. म्हणून मुलांना खेळ शिकविणाऱ्यांस आमचें इतकेंच सांगणें आहे: जो मुलगा "मी बाद आहें" असें आपण होऊन म्हणतो, त्यास सोबत्यांनीं वेडा ठरवूं नये, याची काळजी घ्या. उद्यां बांध, तराजू आणि हिशेबाची वही त्याच्याच हातीं यावयाची आहे.